जुनी पदकं, जुनी नाणी आणि फोनवरचं गिऱ्हाईक
(रिसाली येथील खातेदारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय फळ्यावर वाचून मघाशी एका काकांनी मला विचारलं, "मॅडम, बँकेला पदकांशी काय घेणं-देणं? व्याजदरावर बोला की." व्याजदर बाहेरच्या बोर्डावर लावलेत, ते जाताना बघून घ्या. मी पदकांवर का बोलते आहे ते सांगते. मुदत ठेव मुदतीआधी मोडायला कुणी आलं, की आम्ही सहज कारण विचारतो. आजारपण, मुलीचं लग्न, घराचा स्लॅब ही कारणं ओळखीची आहेत. पण अलीकडे एक नवीन कारण ऐकू येतं. "घरातली जुनी वस्तू ऑनलाइन विकली आहे, लाखो रुपये येणार आहेत, त्याआधी टॅक्स भरायचा आहे." हे वाक्य कानावर पडलं की मी फॉर्म बाजूला ठेवते आणि खातेदाराला खुर्ची देते.

आपल्या भिलईत अशा वस्तू घरोघरी आहेत. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात रशियन इंजिनियर इथे राहिले, आणि निघताना आपल्या लोकांना छातीवर लावायचे लहान बिल्ले, लेनिनच्या चेहऱ्याचे, स्पुटनिकचे, देऊन गेले. पुढे आपली माणसं ट्रेनिंगला तिकडे जाऊन आली, त्यांनीही मूठभर आणले. मैत्रीबाग त्याच मैत्रीच्या नावाने आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय फौजेतून निवृत्त होऊन इथे नोकरीला लागलेली, सातारा-कोल्हापूरकडची, विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्या पेटीत पदकं आहेत. कुणाच्या आजोबांचं पहिल्या महायुद्धातलं, कुणाच्या वडिलांचं एकाहत्तरच्या लढाईतलं. साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. अशा मुलखातून आलेल्या घरांत पदक ही शोभेची वस्तू नसते, घरातल्या माणसाची आठवण असते. म्हणूनच ती विकताना मन आधीच हललेलं असतं आणि समोरच्याला तेच हवं असतं.

आमच्या शाखेतली एक गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, कारण त्या काकू इथल्याच आहेत. यजमान फौजेत होते, एकाहत्तरला पश्चिम आघाडीवर होते, नंतर इथे सुरक्षा विभागात नोकरी. ते गेल्यावर पेटीत तीन पदकं उरली. पश्चिमी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं पदक. नात्यातल्या एका मुलाने सहज फोटो काढून जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजारात टाकले. दुसऱ्याच दिवशी फोन. "माताजी, मैं भी फौज से हूँ." बोलणं गोड. स्वतःचं लष्करी ओळखपत्र मोबाइलवर पाठवलं, वर्दीतला फोटो पाठवला. तीन पदकांचे नऊ लाख चाळीस हजार देतो म्हणाला. काकूंनी भाव सांगितलाच नव्हता, भाव त्याने ठरवला. घासाघीस नाही, पदक हातात घेऊन बघायची मागणी नाही. मग नोंदणी फी म्हणून १,५५० रुपये. त्यानंतर पार्सलच्या विम्याचे १२,८००. त्यानंतर एक पत्र आलं, वर तीन सिंहांचं चिन्ह, खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आणि गोल शिक्का. नऊ लाख चाळीस हजार मंजूर झाले आहेत, जीएसटीपोटी ६५,००० भरा म्हणजे दोन तासांत रक्कम जमा होईल. काकू ती ६५,००० ची मुदत ठेव मोडायला आल्या होत्या.

मी म्हटलं, काकू, हा चोर आहे. त्या माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, "चोर असता तर एवढं सरकारी पत्र कुठून आणलं असतं?" हा प्रश्न बिनबुडाचा नाही. आपण आयुष्यभर शिक्का बघून कागदावर विश्वास ठेवत आलो. मार्कशीटवर शिक्का, रेशन कार्डावर शिक्का, प्लांटच्या गेटपासवर शिक्का. आता घरी बसून मोबाइलवर कुणीही शिक्का बनवतो, हे मनाला पटायला वेळ लागतो.

मी त्यांना शंभराची नोट दाखवली. तुम्हीही खिशातून एखादी नोट काढा. गांधीजींच्या उजवीकडे, गव्हर्नरांच्या सहीजवळ एक गोल चिन्ह आहे. त्यात काय दिसतं? वाघ आणि ताडाचं झाड. ते रिझर्व्ह बँकेचं चिन्ह. उजव्या बाजूला जे अशोकस्तंभाचं आहे, ते भारत सरकारचं राजचिन्ह. काकूंच्या पत्रावर रिझर्व्ह बँकेचं नाव आणि वर तीन सिंह, म्हणजे मालक एक आणि पाटी दुसऱ्याची. त्यातही सिंहांच्या खाली 'सत्यमेव जयते' नव्हतं. राजचिन्हात ते शब्द असतातच. या चिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ सालचा खास कायदा आहे. पण मी एक सावधगिरीची गोष्टही सांगते. उद्या हाच ठग वाघाचं चिन्ह लावील, 'सत्यमेव जयते' लिहील. तेव्हा चिन्ह चुकलं तर कागद खोटा हे नक्की, पण चिन्ह बरोबर आलं म्हणून कागद खरा असं मुळीच नाही.

मग खरं कशावरून ओळखायचं? पैशाच्या दिशेवरून. तुम्ही विकणारे आहात, तर पैसा तुमच्याकडे यायला हवा. विकणाऱ्याच्या खात्यातून पैसे बाहेर जात असतील तर व्यवहार उलटा आहे, मग कागदावर कुणाचीही सही असो. घरातली एखादी जुनी चीज विकणाऱ्या गृहिणीकडून कुणी आगाऊ जीएसटी मागत नाही. टीडीएस ज्या व्यवहारात लागतो, तिथे तो देणारा रकमेतून कापून घेतो. तुम्हाला आधी भरायला सांगत नाही. आणि रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर सूचना काढून सांगितलं आहे, की जुन्या नोटा आणि नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही, आणि असे पैसे गोळा करायला तिने कुठल्याही संस्थेला, कंपनीला वा माणसाला परवानगी दिलेली नाही. ती सूचना नाण्या-नोटांबद्दल आहे. पदकांशी तर रिझर्व्ह बँकेचा संबंध त्याहून नाही.

काकूंची ६५,००० ची ठेव वाचली. आधी गेलेले १४,३५० गेले. आम्ही तिथूनच १९३० ला फोन लावला, तक्रार नोंदवली, पण तोवर चार दिवस उलटले होते. ते पैसे आजपर्यंत आलेले नाहीत. पदकं मात्र घरात आहेत, पार्सल पाठवलेलं नव्हतं.

आता ओळखपत्राचं. फौजी असल्याचा बहाणा ही या धंद्यातली सगळ्यात चालणारी युक्ती आहे. गाडी विकायची असो, भाड्याने घर हवं असो, समोरचा सांगतो मी जवान आहे, बदली झाली आहे, गेटबाहेर येता येत नाही, आधी पाच रुपये पाठवून बघा, मी दुप्पट परत पाठवतो. आपल्याकडे सीआयएसएफची माणसं रोजच्या बघण्यातली, त्यामुळे वर्दीवर आपला विश्वास लवकर बसतो. ज्या ओळखपत्राचा फोटो येतो ते कधी बनावट असतं, कधी एखाद्या खऱ्या जवानाचं चोरलेलं असतं. लोकांना भुलवायला सैनिकाचा वेश किंवा बिल्ला वापरणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, पण फोनवरच्या माणसाला त्याची भीती नाही. खऱ्या जवानाला आपलं ओळखपत्र अनोळखी माणसाला पाठवायची गरजच पडत नाही. पाठवलं, की तिथेच फोन ठेवा.

आणि यूपीआयचं पुन्हा एकदा, कारण दर मेळाव्यात सांगूनही राहून जातं. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करणं म्हणजे पैसे देणं. "हा कोड स्कॅन करा, तुमच्या खात्यात येतील" असं म्हणणारा खोटंच बोलतो. स्क्रीन दुसऱ्याला दिसेल असं कुठलंही अॅप कुणाच्या सांगण्यावरून टाकू नका.

आता दुसरी बाजू, विकत घेणाऱ्यांची. आपल्यातल्या काहींना जुन्या वस्तू जमवण्याचा छंद आहे, आणि निवृत्तीचा पैसा हातात आल्यावर छंदाला गुंतवणूक म्हणायचा मोह होतो. छंदाला माझी ना नाही. सिगारेटपेक्षा बरा. पण बाजारात जे 'दुर्मिळ सैनिकी पदक' म्हणून येतं, त्यात तीन प्रकारच्या वस्तू असतात आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. एक, अधिकृत पदक, जे सरकारने त्या माणसाला दिलं. दोन, वापरायची नक्कल. सैनिक मूळ पदक घरी ठेवून गणवेशावर लावायला दुसरं बनवून घेतात, छावणीजवळच्या दुकानांत ते मिळतं, त्यात काही गैर नाही. पद्म पुरस्कार मिळालेल्यांना तर सरकारच मूळ पदकासोबत लावायला लहान प्रतिकृती देतं. तिसरा प्रकार म्हणजे फसवायला बनवलेलं. दुसऱ्या प्रकारचं पदक पहिल्याच्या भावाने विकलं, तर तेही तिसऱ्यातच जमा. नक्कल तीच, फसवणूक विकणाऱ्याच्या तोंडात असते.

सगळ्यात आधी साधी बुद्धी वापरा. परमवीर चक्र आजवर २१ जणांना मिळालं आहे. एकवीस. त्यातली बहुतेक कुटुंबांकडे किंवा पलटणींकडे आणि संग्रहालयांत जपलेली आहेत. मग कुठलंसं 'ओरिजिनल परमवीर चक्र' मोबाइलवर काही हजारांत कसं मिळेल? त्या पदकाची रचना आपल्या सावित्रीबाई खानोलकरांची. जन्माने परदेशी, मराठी अधिकारी विक्रम खानोलकरांशी लग्न करून इथल्या झालेल्या. वर्तुळाकार कांस्य पदक, मधे राजचिन्ह आणि भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती, मागे हिंदी आणि इंग्रजीत नाव आणि मधे दोन कमळं, जांभळी फीत. हे पदक कोलकात्याच्या अलीपूर टांकसाळीत पडतं. एवढं माहीत असलं तरी निम्मी खोटी पदकं तिथेच उघडी पडतात, कारण नक्कल करणारा पुढची बाजू फोटोवरून करतो आणि मागच्या बाजूकडे दुर्लक्ष करतो. म्हणून विकणाऱ्याकडे नेहमी मागचा आणि कडेचा फोटो मागा. तो टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालं.

कड सगळ्यात महत्त्वाची. आपल्या सैन्याच्या युद्धपदकांच्या आणि सेवापदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव, तुकडी कोरलेली किंवा ठशाने उमटवलेली असते. हे नाव म्हणजे पदकाचं पासबुक समजा. पहिल्या महायुद्धातलं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल बघा. एका बाजूला राजा पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, आणि कडेवर शिपायाचं नाव. ही पदकं लाखोंनी वाटली गेली, म्हणून नुसतं पदक फार महाग नाही. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा कित्येक वितळवलीही गेली. किंमत येते ती नावामुळे. हा माणूस कोण, कुठल्या लढाईत होता, त्यामुळे. म्हणून लबाड माणूस काय करतो? साध्या पदकाची कड कानशीने घासून मूळ नाव उडवतो आणि नामांकित पलटणीच्या शिपायाचं नाव घालतो. भिंग लावून बघा. घासलेल्या जागी कड किंचित बारीक होते, अक्षरं ओळीत बसत नाहीत, अक्षरांच्या खाचेत जुना मळ नसतो. सोनाराकडे असतो तसला अचूक काटा आणि कॅलिपर मिळाला तर दोन ठिकाणी व्यास मोजून बघा.

ओतीव आणि ठोकीव यातला फरक भिलईच्या माणसाला मी काय शिकवणार! तुमच्यातले निम्मे फाउंड्री आणि मिलमधून आलेले. टांकसाळीतलं पदक साच्याखाली दाबून काढतात, त्याची अक्षरं धारदार असतात, पार्श्वभूमी सपाट असते. नक्कल बहुधा खऱ्या पदकाचा साचा घेऊन ओतलेली असते. मग अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, कडेला जोडाची रेघ किंवा ती रेघ घासल्याची खूण. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नक्कल मूळापेक्षा किंचित लहान भरते. चुंबक लावून बघा. चांदी, कांस्य, आपलं नेहमीचं तांबं-निकेलचं मिश्रण चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे. मात्र चिकटलं नाही म्हणून खरं ठरत नाही, कारण पितळही चिकटत नाही. नोटा तपासायचा जांभळा दिवा आमच्या काउंटरवर असतो. त्याखाली 'शंभर वर्षं जुनी' म्हणून विकलेली फीत निळसर पांढरी चमकली, तर कापड अलीकडचं आहे. आता खऱ्या पदकाला नंतर कुणी नवी फीत लावलेली असू शकते, तेवढ्यावरून पदक खोटं म्हणू नका. पण विकणारा फितीसकट मूळ आहे म्हणून जास्त पैसे मागत असेल, तर ते पैसे देऊ नका.

रशियन बिल्ल्यांबद्दल दोन शब्द, कारण हे खास आपल्या गावचं आहे. ते छातीवरचे बिल्ले तिकडे दुकानात सुटे विकले जात. बरेच अॅल्युमिनियमचे असतात. उलटे करून बघा, काहींच्या मागे कोपेकमधली किंमत छापलेली सापडेल. ज्याच्या पाठीवर पंधरा-वीस कोपेक लिहिलंय ते 'सोव्हिएत शौर्यपदक' नव्हे, हे सांगायला तज्ज्ञ कशाला? खरी सोव्हिएत मानचिन्हं वेगळी. लेनिन पदकावर लेनिनची आकृती प्लॅटिनमची असते, बऱ्याच मानचिन्हांच्या मागे अनुक्रमांक असतो. त्यांच्या नकला जगभर बनतात. आणि रशियात सरकारी पदकांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, त्यामुळे 'मॉस्कोहून मागवून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. वडिलांना मिळालेला बिल्ला जपून ठेवा. त्याची किंमत भिलईबाहेर फारशी कुणाला कळणारही नाही.

नाण्यांचंही तेच. 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, अर्धा आणा' आणि मागे राम दरबार किंवा हनुमान. हे नाणं मी आतापर्यंत कितीजणांच्या हातात पाहिलं असेल! कंपनीने असं नाणं कधी चलनात आणलं नाही. ते नंतर कुणीतरी पाडून विकलेलं आहे. देवघरात ठेवायचं तर ठेवा, पण त्यावर कर्ज काढून घेऊ नका. त्यातलंच एखादं 'तांदूळ ओढतं, यात इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देते' असं सांगणाऱ्या टोळ्या आहेत, आणि अशा राइस पुलरच्या फसवणुकीचे गुन्हे महाराष्ट्रातही नोंदले गेले आहेत. २०१२ सालचं वैष्णोदेवीचं पाच-दहा रुपयांचं नाणं चलनात आलेलं, तुमच्या-आमच्या हातातलं. त्याचे दहा लाख देणारा माणूस मी अजून पाहिला नाही. मागणारे पुष्कळ पाहिले. शिवराईसुद्धा खरी आणि खोटी दोन्ही मिळते. महाराजांचा सोन्याचा होन तर इतका दुर्मिळ, की तो मोबाइलवर दिसला की खोटाच धरा. ज्यांना खरोखर शिकायचंय त्यांनी नाशिकला गेल्यावर अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, तिथे संग्रहालय बघावं. खरं नाणं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खोटं ओळखू येत नाही. आमच्याकडे नवीन कॅशियरलाही आधी खऱ्या नोटाच हाताळायला देतात.

कायद्याच्या दोन गोष्टी सांगून टाकते. शंभर वर्षांहून जुनी नाणी आणि कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. त्या परदेशी पाठवता येत नाहीत आणि त्यांचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणून 'लंडनचा ग्राहक आहे, कुरिअर करा' म्हटलं की थांबा. तुमचे पैसे जातीलच, वर कायद्याचं लचांड मागे लागेल. दुसरं, पाया खोदताना काही सापडलं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू कलेक्टर कचेरीत कळवावी लागते. हसू नका, दहा रुपयेच लिहिलंय, कायदा जुना आहे.

चोरीच्या मालाचंही भान ठेवा. हिमाचलच्या नाईक किरपा राम यांनी १९४५ साली सोबत्यांना वाचवायला जवळ पडलेला ग्रेनेड उचलून दूर फेकण्याच्या प्रयत्नात जीव दिला. त्यांना मरणोत्तर मिळालेलं जॉर्ज क्रॉस त्यांच्या पत्नीच्या घरून चोरीला गेलं आणि २००९ मध्ये थेट लंडनच्या लिलावात दिसलं. लिलाव थांबला, पुढे काही वर्षांनी ते त्या माउलीला परत मिळालं. ते पदक खरं होतं. विकणाऱ्याचा हक्क मात्र खरा नव्हता. म्हणजे पदक खरं असणं पुरेसं नाही, ते विकणाऱ्याकडे कसं आलं याचा कागद हवा. दुकानदार असेल तर पावती, परवाना, आणि खोटं निघालं तर पैसे परत देण्याची लेखी हमी. ही हमी न देणाऱ्याला माझा सल्ला विचाराल तर पैसे देऊच नका.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. बँकेतल्या ठेवीवर, मुद्दल आणि व्याज धरून, दर ठेवीदाराला दर बँकेत पाच लाखांपर्यंत विमा असतो. पदकावर नाही. ठेवीवर व्याज किती ते आधी माहीत असतं. पदकाला व्याज नाही. ठेव अडीअडचणीला एका दिवसात मोडता येते. पदकाला गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि दुकानदार दहा हजाराला दिलेली वस्तू त्याच आठवड्यात परत घेताना सहा हजार म्हणतो. त्यामुळे ज्यांना छंद आहे त्यांनी तो महिन्याच्या खर्चातून वाचलेल्या पैशातून करावा. ग्रॅच्युइटीच्या आणि प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशाला यात हात लावू नये. यावर माझं मत पक्कं आहे आणि ते कुणाला जुनाट वाटलं तरी चालेल.

पैसे गेलेच, तर काय? पहिली गोष्ट, लाजू नका. लाजेपायी लोक दोन-तीन दिवस घरात सांगत नाहीत आणि तेवढ्यात पैसा पाच खात्यांतून फिरून निघून जातो. लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या तासात केलेल्या फोनला फार अर्थ आहे, कारण पैसा समोरच्या खात्यात पडून असेल तर तो गोठवता येतो. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा, आणि आपल्या शाखेला लेखी कळवा. लेखी का? ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे, तुमची चूक नसताना आणि बँकेचीही चूक नसताना तिसऱ्यानेच खात्यातून पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर बोजा येत नाही. पण तुम्ही स्वतः पिन टाकून पाठवलेत किंवा ओटीपी सांगितलात, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर झालेलं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर असलेली बरी. स्क्रीनशॉट, नंबर, पत्र, काही पुसू नका. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

मघाशी चिठ्ठी आली आहे, ती वाचते. "पदक विकायचंच नाही, पण मुलांना कळावं म्हणून त्याची माहिती कुठे मिळेल?" चांगला प्रश्न. कडेवरचा क्रमांक आणि नाव उतरवून घ्या, डिस्चार्ज बुकाशी ताडून बघा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून पलटणीच्या अभिलेख कार्यालयाचा पत्ता मिळतो. पदकाला पॉलिश करू नका, ब्रासोने तर नाहीच, अक्षरं झिजतात. फोटो काढा, पण इंटरनेटवर टाकायचा असेल तर कडेवरचा क्रमांक झाकून टाका. क्रमांक आणि नाव मिळालं, की त्याच नावाने खोटं पदक बनवणं सोपं होतं. वारसाला कोणतं पदक कुणाचं, हे एका कागदावर लिहून त्याच डबीत ठेवा.

आणि दुसरी चिठ्ठी त्याच काकांची दिसते, "व्याजदर?" बाहेर बोर्डावर आहेत काका. ज्येष्ठ नागरिकांचा रकाना उजवीकडे.